दुसऱ्याच्या वाट्याची जोखीम

हायड्रोजनच्या सुरक्षेचे नियम म्हटले की तो अभियंत्यांचा आणि अधिकाऱ्यांचा प्रांत, असे समजून आपण मोकळे होतो. टाकीने किती दाब सोसावा, पाइपासाठी कोणते पोलाद वापरावे, भरणा केंद्र आणि वस्ती यांच्यात किती अंतर असावे, हे जाणकारांनी ठरवायचे, सरकारने त्यावर शिक्का मारायचा आणि इतरांनी ते पाळायचे, अशी रीत पडली आहे. पण यांतल्या प्रत्येक आकड्याच्या पोटात एक असा प्रश्न असतो, ज्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. सगळ्यांच्या भल्यासाठी का होईना, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर? हा प्रश्न धर्माचा आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे, या अर्थाने धर्माचा. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याच्या अंगावर धोका येणार आहे त्याला नियम ठरतानाच विचारणे हा शिष्टाचार नाही आणि जनसंपर्काचा कार्यक्रम तर नाहीच नाही; तो सुरक्षेचाच भाग आहे. ही विचारणा वगळली की नियमात नैतिक खोट राहते, आणि बहुतेक वेळा तीच पुढे तांत्रिक खोट म्हणून उघडी पडते.

आधी हा वायू नीट ओळखून घेऊ. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेतो. नैसर्गिक वायूतल्या मिथेनच्या बाबतीत ही मर्यादा साधारण ५ ते १५ टक्के आहे. पेटण्यासाठी त्याला लागणारी ऊर्जा मिथेनच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. कपड्यांच्या घर्षणाने उडालेली ठिणगीसुद्धा पुरते. दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. काही जातींच्या पोलादात शिरून तो त्यांना ठिसूळ करतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका असल्यामुळे मोकळ्यावर तो झपाट्याने वर निघून जातो. स्वयंपाकाच्या गॅससारखा जमिनीलगत साचून राहत नाही. म्हणून उघड्यावर तो काही बाबतींत कमी धोक्याचा आणि छताखाली जास्त धोक्याचा ठरतो. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा एक साधा गुण: त्याला वास नाही. घरात गॅसचा वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि त्याच्यामुळे स्वयंपाकघरातली बाई सुरक्षाव्यवस्थेची भागीदार होते. तिला कोणाच्या यंत्राची किंवा परवानगीची वाट पाहावी लागत नाही. वासासाठी वापरली जाणारी गंधकयुक्त रसायने हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला बाधतात, त्यामुळे बस आणि मोटारींसाठीच्या हायड्रोजनमध्ये ती घालता येत नाहीत. म्हणजे सामान्य माणसाचे नाकही गेले आणि डोळेही गेले. त्याचे रक्षण आता सर्वस्वी संवेदकांवर आणि ते संवेदक वेळेवर तपासणाऱ्या अनोळखी माणसांच्या सचोटीवर अवलंबून राहते. ज्याच्या हातातले स्वतःला सावरण्याचे साधन आपण काढून घेतो, त्याचे आपण काही देणे लागतो. किमान, आम्ही काय करत आहोत आणि का करत आहोत, याचा हिशेब तरी त्याला मिळाला पाहिजे.

धोका शून्य करता येत नाही, हे सर्वांना मान्य आहे. मग तो कुठवर आणायचा? या प्रश्नाला कायद्याने दिलेले एक प्रामाणिक उत्तर १९४९ सालचे आहे. खाणीतल्या वाटेची कड ढासळून एक कामगार मेला आणि एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड हा खटला इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला. धोका एका पारड्यात आणि तो टाळण्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि कष्ट दुसऱ्या पारड्यात ठेवावेत. दुसरे पारडे फारच अवाजवी जड असेल तरच मालक सुटतो, असा तो विचार होता. त्यातून धोका वाजवीपणे शक्य असेल तितका खाली आणण्याचे सूत्र रुजले. २००१ मध्ये ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने त्याला आकडेही दिले. सहन करण्याजोग्या धोक्याची वरची मर्यादा कामगारासाठी वर्षाला हजारात एक मृत्यू, आणि समाजाच्या हितासाठी ज्याच्यावर धोका लादला जातो अशा बाहेरच्या माणसासाठी दहा हजारांत एक. दहा लाखांत एकापेक्षा कमी धोका सर्वसाधारणपणे मान्य समजावा. हे आकडे मांडणाऱ्यांचे धैर्य मी कमी लेखत नाही. मृत्यूचा हिशेब न मांडता तो गुपचूप करत राहण्यापेक्षा उघड मांडणे कधीही चांगले. पण अमुक रचनेत मृत्यूची शक्यता इतकी आहे, हे वाक्य विज्ञानाचे असले तरी इतकी शक्यता चालेल, हे वाक्य विज्ञानाचे नाही. तो एक निवाडा आहे. निवाडा म्हटला की कोणी दिला, कोणाच्या वतीने दिला आणि ज्याच्याविरुद्ध दिला त्याचे म्हणणे ऐकले का, हे प्रश्न आपोआप येतात. शिवाय सरासरीत माणसे हरवतात. दहा हजारांत एक हा धोका कुंपणाला लागून राहणाऱ्या त्याच त्या कुटुंबांच्या वाट्याला वर्षानुवर्षे येत असेल आणि लाभ मात्र दूरच्या शहराला मिळत असेल, तर आकडा तोच राहतो, न्याय तोच राहत नाही.

आपल्या परंपरांत या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार जैन दर्शनाने केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या येते तिचा भर मारण्याच्या हेतूवर नाही. प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर आहे. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात हा विचार आणखी पुढे जातो: जीव मरो वा वाचो, जो बेसावध वागला त्याच्या हातून हिंसा झालीच, आणि जो पूर्ण दक्षतेने चालला त्याच्याकडून चुकून प्राणहानी झाली तरी तेवढ्याने त्याला दोष लागत नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर अपघात झाला नाही, हा निर्दोषपणाचा पुरावा नाही. गळकी झडप आज पेटली नाही म्हणून ती तशीच ठेवणाऱ्याचा अपराध कमी होत नाही. गृहस्थाचे जीवन हिंसेशिवाय चालत नाही, हेही या परंपरेने मोकळेपणाने मानले. तिने संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे प्रकार केले. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्ण सोडावी. उपजीविकेच्या उद्योगात घडणारी हिंसा टळत नाही, पण ती सतत कमी करत राहणे हे त्याचे व्रत. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज पिढ्यानपिढ्या शेती करत आला आहे; नांगराखाली जीव मरतात हे त्याला माहीत आहे, आणि म्हणूनच दक्षता हा त्याच्या धर्माचा गाभा आहे. इंग्लंडमधल्या न्यायालयाचे सूत्र आणि हा विचार एकमेकांच्या जवळ येतात. फरक एवढाच की न्यायालय खर्चाच्या पारड्यापाशी थांबते, आणि जैन विचार पुढे विचारतो: तुझ्या पायाखाली कोण येऊ शकते, हे तू पाहिलेस का?

हा फरक समजायला एक साधी वस्तू पुरेल. अवकाश संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत नासाचे कामगार हायड्रोजनच्या गळतीचा संशय आला की हातातला झाडू पुढे धरून चालत. ज्योत दिसत नसे. झाडूचे टोक पेटले की तिथे आग आहे हे कळे. जैन साधूही वाट झाडत चालतो, ओघ्याने किंवा मोरपिसांच्या पिच्छीने. कृती जवळपास तीच, पण पहिली चालणाऱ्याला वाचवते आणि दुसरी वाटेत असणाऱ्याला. आपले बहुतेक औद्योगिक सुरक्षानियम पहिल्या प्रकारचे आहेत. ते प्रकल्पाला, गुंतवणुकीला, कामगाराला आणि विमा कंपनीला सांभाळतात, आणि ते आवश्यकही आहे. पण कुंपणापलीकडचा माणूस त्यांत येतो तो अंतराचा एक आकडा म्हणून. त्याच्या घराचे छत कसले आहे, रात्री त्या गल्लीत किती माणसे उघड्यावर झोपतात, अग्निशामक बंब तिथवर पोहोचतो का, जत्रेच्या दिवसांत रस्त्याचे काय होते, हे नकाशावर दिसत नाही. ते त्यालाच विचारावे लागते. न विचारणे हा प्रमाद आहे, आणि उमास्वातींच्या कसोटीवर प्रमाद म्हणजेच हिंसेची सुरुवात.

२०१९ सालच्या दोन अपघातांनी हे हायड्रोजनच्या जगाला चांगलेच शिकवले. २३ मे रोजी दक्षिण कोरियातल्या गांगनुंग शहरात एका संशोधन प्रकल्पातल्या हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या. दोन जण मेले, सहा जखमी झाले. सौरऊर्जेवर पाण्याचे विघटन करून तिथे हायड्रोजन बनवला जात होता. ऊन कमीजास्त झाले की विघटनयंत्र कमी शक्तीवर चाले, आणि तशा वेळी हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळत जाई. तो काढून टाकणारे उपकरण बसवलेलेच नव्हते. या आपत्तीत सापडलेल्यांमध्ये केवळ पाहणीसाठी आलेली माणसे होती. त्या टाक्यांत काय साठले आहे याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. पुढे १० जून रोजी नॉर्वेत ओस्लोजवळच्या सँडविका इथल्या भरणा केंद्रावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीच्या बुचातले आतले बोल्ट जुळणीच्या वेळी पुरेसे आवळले गेले नव्हते. तिथून वायू झिरपत राहिला, साठला आणि पेटला. दिवस सुट्टीचा होता. जवळून जाणाऱ्या मोटारीतल्या एअरबॅग धक्क्याने उघडल्या आणि आतल्या दोघांना इजा झाली, यापलीकडे माणसांची हानी झाली नाही. दोन्ही ठिकाणी हायड्रोजनच्या गुणधर्मांविषयी अज्ञान नव्हते. पुस्तकात सगळे होते. उणीव होती ती पुस्तक आणि पाना यांच्या मधल्या जागेत: कोणी काय बसवले, कोणी तपासले, शंका आलेल्या माणसाचे कोणी ऐकले. ही माहिती नियामकाच्या कार्यालयात आपोआप येत नाही. ती जुळाऱ्याकडे असते, टँकरच्या चालकाकडे असते, रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे आणि शेजारी राहणाऱ्याकडे असते. नियम बनवताना या माणसांना खोलीबाहेर ठेवले, तर नियम ज्ञानाच्या दृष्टीनेही अपुरा राहतो. नैतिक खोट तांत्रिक खोट होते, असे मी वर म्हटले ते या अर्थाने.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडून येतो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, लोकांना हायड्रोजन म्हटले की ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला जळालेले हिंडेनबर्ग हे हवाई जहाज आठवते. त्या दुर्घटनेत ३६ जण मेले हे लोकांना माहीत असते. जहाजावरच्या ९७ पैकी ६२ वाचले, हे माहीत नसते. अशा भीतीच्या हाती निर्णय दिला तर कोणतेच नवे तंत्र उभे राहणार नाही. बोल्ट किती आवळावा हे मतदानाने ठरत नाही. हे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. तथ्य काय, हे जाणकारांनीच सांगावे, आणि सामान्य माणसाने ते शिकून घ्यावे. पण ते तथ्य पुरेसे आहे का, हा निवाडा जाणकारांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. शिवाय भीती ही नेहमी अज्ञानातून येत नाही. इंग्लंडमध्ये एल्समीअर पोर्टजवळच्या व्हिटबी भागातली सुमारे दोन हजार घरे नैसर्गिक वायूवरून हायड्रोजनवर नेण्याचा प्रयोग ठरत होता. नैसर्गिक वायूवर राहण्याचा पर्याय रहिवाशांपुढे नव्हता. त्यांनी सभा घेतल्या, प्रश्न मांडले, आपण प्रयोगाचे साधन व्हावे हे कोणी ठरवले असे विचारले. जुलै २०२३ मध्ये स्थानिक पाठिंबा पुरेसा नाही म्हणून सरकारने तो बेत सोडला. त्या लोकांच्या विरोधात काही चुकीच्या समजुती असतीलही. पण त्यांचा मूळ प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हता, संमतीचा होता, आणि संमतीच्या प्रश्नाला ज्वलनमर्यादेचा तक्ता हे उत्तर होत नाही. ब्रिटनमध्येच, स्कॉटलंडच्या फाइफ भागातली योजना वेगळ्या पायावर आखली गेली: सुमारे तीनशे घरे, हायड्रोजनची वेगळी नळी, जुनी गॅसजोडणी जागच्या जागी, आणि सहभाग ज्याच्या त्याच्या इच्छेवर. तंत्र तेच, भीती घालणारे गुणधर्म तेच. बदलले ते माणसाला दिलेले स्थान.

दक्षिण कोरियाने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद घेतली पाहिजे. गांगनुंगचा अपघात ताजा असतानाच सप्टेंबर २०१९ मध्ये सोलमध्ये राष्ट्रीय संसदेच्या आवारात हायड्रोजन भरणा केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी हायड्रोजनची अर्थव्यवस्था आणि सुरक्षा यांचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र कायदा त्या संसदेने केला. आवारातले केंद्र हा प्रतीकात्मक प्रकार आहे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. खासदार तिथे राहत नाहीत, रात्री घरी जातात. तरीही नियम करणाऱ्याने तो धोका आपल्या अंगणात घ्यावा, या तत्त्वाला मोल आहे. जो धोका मी माझ्या कुटुंबाजवळ ठेवायला तयार नाही, तो दुसऱ्याच्या कुटुंबाजवळ ठेवताना मला जास्त चांगले कारण द्यावे लागेल, इतके तरी त्यातून निघते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे, आणि मला तो सर्वांत कठीण वाटतो. कोळसा रोज माणसे मारतो आहे. चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राहणारे लोक राख श्वासात घेतात. त्यांना कधी कोणी विचारले? हवामान बिघडते आहे, आणि पोलाद आणि खत अशा उद्योगांतून कार्बन काढायचा तर हायड्रोजनशिवाय फारसे मार्ग नाहीत. अशा वेळी सुनावण्या, हरकती, समित्या यांत वर्षे घालवणे हीच हिंसा नाही का? या आक्षेपातले दुःख खरे आहे आणि घाईही खरी आहे. पण काळ कुठे वाया जातो, हे अनुभवाने पाहू. सँडविकाच्या स्फोटानंतर नॉर्वेत मोठ्या कंपन्यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींची विक्रीच काही काळ थांबवली. व्हिटबीत आधी ठरवून मग विचारण्याच्या पद्धतीने सगळी तयारी फुकट गेली. विश्वास एकदा तुटला की जी वर्षे जातात त्यांच्यापुढे आधीच्या विचारणेचे महिने थोडे आहेत. आणि कोळशाजवळच्या माणसाला विचारले नाही, हे हायड्रोजनजवळच्या माणसालाही न विचारण्याचे कारण कसे होईल? जुना अन्याय नव्याचा दाखला होऊ शकत नाही. घाई आहे म्हणूनच विचारणा लवकर सुरू केली पाहिजे, प्रकल्पाचा आराखडा कागदावर असताना, जेव्हा नळीची दिशा बदलायला एक रेघ पुरते.

तिसरा आक्षेप असा, की प्रत्येकाची संमती हवी म्हटले तर एकटा माणूस साऱ्या गावाला अडवून धरेल. इथे संमती आणि समर्थन यांतला फरक उपयोगी पडतो. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉमस स्कॅनलन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला, की एखादी कृती योग्य ठरण्यासाठी ती ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्व कोणालाही समंजसपणे नाकारता येऊ नये. सारा भार समंजसपणे या अटीवर आहे. मला नको, एवढे म्हणणे पुरत नाही. पण माझ्या घराला वाट एकच आहे आणि ती तुमच्या टाकीवरून जाते, हे म्हणणे पुरते. म्हणजे नियामकाने प्रत्येक हरकतदाराचे मन वळवलेच पाहिजे असे नाही. प्रत्येक हरकतीला कारणासह, लेखी आणि हरकतदाराला समजेल अशा भाषेत उत्तर दिले पाहिजे, आणि ज्या हरकतीला तसे उत्तर देता येत नाही तिच्यापुढे नियम वाकला पाहिजे. यात एकाच्या हाती नकाराचा अधिकार जात नाही. पण बहुसंख्येच्या भल्यात एकाला विरघळवून टाकण्याची सोयही राहत नाही. उद्योगालाही हाच नेम लागू. ज्या कंपन्या हायड्रोजन बनवतात त्यांच्याकडेच सर्वांत जास्त ज्ञान असते, त्यामुळे मानके ठरवणाऱ्या समित्यांवर त्यांची माणसे असणारच आणि असावीतही. पण त्यांनी कोणती दुरुस्ती सुचवली, ती का स्वीकारली, हे उघड्यावर असले पाहिजे. ज्ञान आणि हितसंबंध एकाच माणसात असतात तेव्हा त्याला हाकलून लावणे हा उपाय नव्हे. त्याच्या शेजारी वेगळा हितसंबंध असलेला माणूस बसवणे हा उपाय आहे.

हे सगळे भारताला परके नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्याचे एक भीषण अंग हे होते की कारखान्यात काय साठवले आहे आणि ते सुटले तर काय करायचे, हे भोवतीच्या वस्त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या दुःखातून कायदे आले. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम हे घातक आम्ल सुटले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या क्लोरीनच्या प्रकल्पासाठी घातलेल्या अटींत कामगारांच्या प्रतिनिधींनी सुरक्षाव्यवस्थेवर लक्ष ठेवावे आणि क्लोरीनचा शरीरावर होणारा परिणाम सांगणारे तक्ते हिंदी आणि इंग्रजीत लावावेत, याही अटी होत्या. पुढे त्याच प्रकरणात धोकादायक उद्योगाची संपूर्ण जबाबदारीही न्यायालयाने ठरवली. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना आणि आसपासच्या जनतेला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि सुरक्षेच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाची तरतूद झाली. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी अपघाताची झळ बसू शकणाऱ्या लोकांना आधीच माहिती देण्याचे कर्तव्य घातले. माणसे मेल्यावर आपण हे शिकलो. ते शिक्षण नव्या इंधनाच्या उंबरठ्यावर विसरायचे नसेल, तर आताच बोलले पाहिजे.

कारण नवे इंधन दाराशी आले आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित, म्हणजे अक्षय ऊर्जेवर बनवलेला, हायड्रोजन हे त्याचे लक्ष्य. त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःचे धोरण जाहीर केले. पुण्यात घडवलेली हायड्रोजनवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांपुढे आली. हायड्रोजन आपल्या राज्याला नवा नाही. तेलशुद्धीकरण आणि खतांच्या कारखान्यांत तो दशकानुदशके वापरात आहे. नवे आहे ते त्याचे कुंपणाबाहेर येणे: टँकरमधून महामार्गावर, बसच्या छपरावर, पंपावर. कुंपणाच्या आत असतानाही तो शेजाऱ्यांना विसरू देत नव्हता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोक्रॅकर विभागात, म्हणजे जिथे हायड्रोजनच्या दाबाखाली जड तेलाचे हलके घटक केले जातात तिथे, स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. त्याच माहुलमध्ये तानसा जलवाहिनीलगतची विस्थापित कुटुंबे नेऊन ठेवण्यात आली होती. तिथल्या हवेमुळे लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले. धोक्याजवळ कोण राहतो, हे बहुतेक वेळा धोका ठरवणाऱ्याने नव्हे तर गरिबीने ठरवलेले असते. आणि अशा स्थितीत २०२३ मध्ये हरित हायड्रोजन आणि हरित अमोनियाच्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरीतून सूट मिळाली. प्रदूषणाच्या दृष्टीने त्यामागे कारण असेल. हे प्रकल्प धूर ओकत नाहीत. पण या मंजुरीच्या वाटेवर जनसुनावणी होती. मंजुरी गेली तशी ती वाटही गेली, आणि तिच्या जागी लोकांना विचारणारे दुसरे काही आले नाही. धूर नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे.

काय करता येईल, हे अवघड नाही. भारतात स्फोटक वायू आणि दाबपात्रांचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशनचे मुख्यालय नागपुरात आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यात आहे. भारतीय मानक ब्युरो मसुद्यांवर सूचना मागवतोच. यंत्रणा आहेत, त्यांच्या कामाला माणसे जोडायची आहेत. हायड्रोजनच्या नियमांचे मसुदे मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत निघावेत. समित्यांवर अग्निशमन दलाचा जवान, टँकर चालकांचा आणि पंपावरच्या कामगारांचा प्रतिनिधी, आणि वस्तीतला माणूस असावा; तोही सही करण्यापुरता नको, बोलण्यासाठी. जिथे मोठा साठा होणार तिथे पर्यावरण मंजुरी नसली तरी छोटी, ठरलेल्या मुदतीत संपणारी सुरक्षा-सुनावणी घ्यावी. आणि अपघात होता होता टळला, अशा घटनांची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी, नोंद करणाऱ्याला शिक्षा न करता. कारण कुंदकुंदाचार्यांच्या कसोटीवर टळलेला अपघातही प्रमाद उघड करतो, आणि उघड झालेला प्रमादच सुधारता येतो.

हरित हायड्रोजनची सारी नैतिक ताकद एका गोष्टीत आहे: ज्यांना आपण कधी भेटणार नाही, जे अजून जन्मलेलेही नाहीत, त्यांच्या वाट्याला आपण जोखीम ठेवू नये. त्या माणसांना विचारण्याची सोय नाही, तरी त्यांच्यासाठी आपण हजारो कोटी खर्चायला निघालो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण मग जे आज टाकीच्या पलीकडे राहतात, ज्यांना उद्या सकाळी जाऊन विचारता येते आणि ज्यांची भाषा आपल्याला येते, त्यांना न विचारण्याला कोणते कारण उरते? भावी पिढ्यांविषयीची आपली काळजी खरी आहे की नाही, याची परीक्षा या शेजाऱ्यांपाशीच होणार आहे.